पऱ्यापलीकडचा पत्ता

"गॅसचं झालं," मी म्हणाले.

"झालं," अण्णा म्हणाले.

"लाइटबिल, बँक, पोस्ट, विमा."

"झालं. पुढे?"

"तुमची पेन्शन. आणि हे मतदान कार्ड, आजच आलं. वाचा."

अण्णांनी कार्ड हातात घेतलं आणि चष्मा नसल्यामुळे हात लांब करून वाचलं, "मुक्काम पोस्ट कोंडवशी." मग फोटो बघून म्हणाले, "माणूस मात्र अजून तेरवड्याचाच दिसतो."

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी घरात कुणी उशिरा आलं की त्यांचा हात नोंद करायला शिवशिवायचा. त्यामुळे माझ्या या पत्ताबदल मोहिमेचा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. मी तेव्हा रत्नागिरीला एका वकिलांकडे कामाला होते आणि मला कागदांची भीती नव्हती, उलट थोडी खुमखुमीच होती. बँकेने नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल मागितलं, लाइटबिलवाल्यांनी रेशनकार्ड मागितलं आणि रेशनवाल्यांनी बँकेचं पासबुक. हे रिंगण मी कुठून तोडलं ते आता आठवत नाही, पण तोडलं, आणि त्या दिवशी दुपारी नव्या घराच्या पडवीत बसून मी विजयी मुद्रेने जाहीर केलं, "संपलं. आता जगात एकही जागा अशी नाही जिथे आपला जुना पत्ता आहे."

आई आतून बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, "नवलाईला कळवलंस?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले आणि मी अण्णांकडे.

नवलाई आमची ग्रामदेवता, तेरवड्याची. शिमग्यात तिची पालखी गावात फिरते आणि घराघरांत जाते. ज्या अंगणात पालखी येते तिथली बाई तिची ओटी भरते, नारळ देते, मानकरी त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि मग त्या घराचं वर्ष सुरू होतं. आई लग्न होऊन तेरवड्यात आली तेव्हापासून एकही शिमगा तिने चुकवला नव्हता. माझा जन्म ऐन शिमग्यातला, तर त्या वर्षी बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीतून तिने पालखी पाहिली होती, असं ती दर वर्षी सांगायची.

पण आता आमचं घर तेरवड्यात नव्हतं. महामार्ग रुंद झाला आणि जुन्या घराचं अंगण, पडवी आणि माजघर त्यात गेलं. सुदैवाने पऱ्यापलीकडे आमची आंब्याच्या कलमांची बाग होती. पऱ्या म्हणजे पावसात वाहणारा नि फाल्गुनात कोरडा ठणठणीत पडणारा ओढा. त्या बागेत आम्ही नवं घर बांधलं. जुन्या घरातून हाक मारली तर नव्या घरात ओ देता येईल एवढंच अंतर. आपण गाव बदलतोय हे कळत होतं, पण शेजारच्या खोलीत झोपायला जावं तसे आम्ही गेलो. त्या ओढ्याच्या मधोमध दोन गावांची शीव होती, हे मला तरी पहिला अर्ज भरेपर्यंत जाणवलं नव्हतं.

आईला मात्र पहिल्या दिवसापासून जाणवत होतं. राहायला येऊन चार महिने झाले तरी तिची अर्धी भांडी पोत्यांत बांधलेली होती. विचारलं तर म्हणायची, "घाई काय हाय? आधी नवलाई येऊन जाऊदे. ती बगून गेली, की मंग मी ह्याला घर म्हणीन."

*

पालखी कुठल्या वाटेने न्यायची हे ठरवायला तेरवड्याच्या देवळात बैठक बसली, तेव्हा आम्ही तिघंही गेलो. पालखीचे मानकरी तात्या रेवाळे हे अण्णांचे शाळेतले सोबती. एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला. पण मानाच्या जागेवर बसले की तात्या कुणाचेच सोबती नसायचे.

"बोला वयनी," तात्या आईला म्हणाले.

"येंदा पालखी नव्या घरी आणा."

"नवं घर कुटं हाय?"

तात्या आमच्या वास्तुशांतीला दोनदा जिलबी मागून जेवून गेले होते. पण बैठकीत सगळं पहिल्यापासून विचारायची रीत होती.

"पऱ्यापलीकडं. कलमांत."

"म्हंजे कोंडवशीत."

"पऱ्या वलांडला की घर."

"तीच तर शिव, वयनी. पालखी शिव वलांडत नाय. माज्या आज्यानं कंदी वलांडली नाय, बापानं नाय, मी कशी वलांडू?"

वकिलाकडे काम करणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही. मी पुढे झाले. "तात्या, घर तिकडे असलं तरी आमची विहीर ऐलतीराला आहे. म्हणजे तेरवड्याच्या हद्दीत. नकाशा आणलाय मी."

तात्यांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग काय बाय, विहिरीकडनं वटी भरून घेऊ?"

सगळी बैठक हसली. अण्णाही हसले, ते मला जास्त लागलं.

आई हसली नाही. "कौल लावा," ती म्हणाली.

गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. फुलं काही हलेनात. देवळात एक कुत्रं येऊन जाऊन परत आलं, कुणाला तरी दोन शिंका आल्या, गुरवाने देवीला तीनदा विनवलं, तरी फुलं जागच्या जागी. शेवटी अण्णा माझ्या कानात म्हणाले, "प्रकरण विचाराधीन."

तात्यांनी बैठक उठवली. पायऱ्या उतरताना ते आमच्या मागे आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने आईला म्हणाले, "वयनी, देवी नको बोलली नाय हां. तेवडं ध्यानात ठेवा."

मला ते तोंडदेखलं वाटलं. नुसती गोड बोलून वाटेला लावायची पद्धत.

परत येताना आई जुन्या घरापाशी थांबली. घर कसलं, मागची एक भिंत आणि न्हाणीघराचा कोबा एवढंच उरलं होतं. पुढून डंपर जात होते आणि लाल धूळ उडत होती.

"मी हितं हुबी ऱ्हायन," आई म्हणाली. "पालखी ह्याच वाटेनं फुडं जाते. हितंच वटी भरीन."

"रस्त्यात?" अण्णा म्हणाले.

"मंग काय करू?"

मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, धुळीत, डंपरच्या भोंग्यांत, ताट हातात धरून आई उभी आहे. इतके पत्ते बदलले, इतके शिक्के मारून घेतले, आणि आईला उभं राहायला जागा म्हणून काय मिळाली, तर रस्त्याची कड.

*

होळीला आठवडा उरला असेल. आमच्या कुंपणापलीकडच्या, माईनांच्या पार्वतीकाकी सूपभर पावटे घेऊन आल्या. या कोंडवशीच्या. त्यांचे यजमान म्हादूकाका हे तिकडच्या पालखीचे मानकरी. काकी नेहमी येत आणि नेहमी हसत येत, पण त्या दिवशी पडवीच्या कडेला टेकल्या आणि पावट्याचा विषय सोडून सरळ म्हणाल्या, "वयनी, येक इचारू? राग मानू नका."

"इचारा की."

"आमच्या सोमजाईनं तुमचं काय घोडं मारलंय?"

सोमजाई म्हणजे कोंडवशीची ग्रामदेवता. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आवो, आसं काय बोलता?"

"बोलू नको तर काय? वास्तुशांतीला सगळ्या कोंडवशीला जेवाय बोलावलात. भटजी रत्नागिरीवरनं आणलात. आणि जिच्या गावात घर बांदलात तिला येक नारळ नाय ठेवलात. गावात आमाला लोक इचारतात, तुमचे नवे शेजारी येवडे मोटे हायत काय? मी सांगतंय, नाय वो, साधी मानसं हायत, ठेवतील. पन शिमगा आला की आता."

अण्णा आतून बाहेर आले आणि दारातच थबकले. त्यांचा चेहरा चुकीच्या फलाटावर गाडी लावलेल्या माणसाचा झाला होता. माझाही तसाच झाला असणार. बँकेला कळवलं, गॅसवाल्यांना कळवलं, जुन्या देवीच्या दारात जाऊन भांडलो, आणि जिच्या हद्दीत राहायला आलो तिच्या दारापुढून रोज स्कूटर नेत होतो.

आई मात्र गप्प राहिली नाही. "काकी, मी नवलाईची हाय. तिच्यापुडं इतकी वर्षं पदर पसरला. आता दुसऱ्या देवीला नारळ ठेवला तर ती काय म्हनंल? आज शिव बदलली नि लगेच मला इसरली?"

पार्वतीकाकींनी सूप खाली ठेवलं. "तुमचं म्हायेर कुठलं वो?"

"देवरुखाकडचं."

"तिकडची देवी कोन?"

"वाघजाई."

"मंग लगीन होऊन हिकडं आलात तवा तिला काय बोल्लात?"

आई काहीतरी म्हणायला गेली आणि थांबली.

"काय बोल्लात सांगा ना. का न सांगताच आलात?" काकी आता हसत होत्या. "मी तर आमच्या म्हायेरच्या जुगाईला काय बोल्ले नाय. रडत व्हते नुसती. आनि ती काय रागावली नाय. पोरीबाळी जायाच्या आस्तात, तिला म्हाईत आस्तं."

आईने हातातली शेंग सोलली. मग दुसरी सोलली. तिच्या गालावर काहीतरी हललं, ते हसू होतं की रडू ते मला कळलं नाही. तिसरी शेंग उचलत ती म्हणाली, "वृषाली, उद्या सकाळी चांगलासा नारळ बग. शेंडीचा."

*

सोमजाईचं देऊळ आमच्या घरापासून चढणीवर होतं, कातळावर. आई सकाळीच नऊवारी नेसून तयार झाली, अण्णांनी टोपी घातली. म्हादूकाका आणि गुरव वाट बघत होते. आदल्या संध्याकाळीच काकींनी निरोप पोचवला होता, हे उघड होतं.

आईने नारळ ठेवला. गुरवाने विचारलं, "काय सांगू देवीला?"

नवस, मागणं, क्षमा, असं काहीतरी ती म्हणेल असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "सांगा, आमी ऱ्हायला आलोय."

नारळ फुटला, प्रसाद वाटला. देवळातून बाहेर पडताना म्हादूकाकांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वयनी, नवलाई दर साली येयाची ना तुमच्याकडं?"

"येयाची. येंदा नाय. ती शिव वलांडत नाय."

"कोन बोल्लं?"

"तात्या."

"बरोबर हाय त्यांचं," म्हादूकाका म्हणाले आणि टोपी सारखी करत बायकोकडे बघायला लागले. काकी देवळाच्या छपराकडे बघत होत्या. त्या दोघांच्या मनात काहीतरी शिजतंय एवढं मला दिसलं, पण काय ते कळलं नाही. वकिलांकडची नोकरी अशा वेळी काही कामाची नसते.

आई त्या दिवसापासून थोडी मोकळी झाली. पण थोडीच. सोमजाईची पालखी येणार म्हणून तिने अंगण सारवलं, रांगोळी घातली, आणि दोन ओट्यांची तयारी केली. दुसरी ओटी कुणाची ते आम्हाला ठाऊक होतं. ती घेऊन ती पलीकडे रस्त्यावर जाणार होती. अण्णा म्हणाले, "मी येईन सोबत. छत्री धरीन धुळीला." त्यावर आई चक्क लाजली.

*

पालखीच्या दिवशी दुपार कलताना कोंडवशीकडून ढोल ऐकू यायला लागले. निशाण पुढे, मागे ढोल-ताशे, सनई, आणि मधे गोंड्याच्या फुलांनी झाकलेली सोमजाईची पालखी, पोरांच्या खांद्यांवर नाचत. आम्ही अंगणात हात जोडून उभे. पालखी फाटकापर्यंत आली आणि आत न वळता सरळ पुढे गेली.

आईचा चेहरा पांढरा पडला. "चुकलं काय आपलं?" ती अण्णांना म्हणाली.

म्हादूकाका पालखीच्या पुढे चालत होते. ते न थांबता म्हणाले, "वयनी, चला मागनं."

पालखी उतार उतरून पऱ्याच्या काठावर गेली आणि तिथे थांबली. ढोल थांबले. तेव्हा आम्हाला पलीकडचे ढोल ऐकू आले. नवलाईची पालखी जुन्या घराच्या वाटेने येत होती. ती आमच्या त्या उरलेल्या भिंतीपाशी आली, आणि पुढे जायच्या ऐवजी तीसुद्धा उतार उतरून पऱ्याच्या पलीकडच्या काठावर उभी राहिली. पुढे तात्या रेवाळे, हात मागे बांधून.

मधे कोरडा पऱ्या, दोन काठांवर दोन गावं.

म्हादूकाकांनी हातात नारळ घेतला, पऱ्यात उतरले, मधल्या दगडापर्यंत गेले. तिथे त्यांनी नारळ पुढे धरला आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तेरवडेकर, आमची सोमजाई भैनीला बोलवाय आल्येय. आमच्या गावात आमच्या मानसाच्या घरी ती जात्येय. नवलाईला धाडा."

तात्यांनी जरा वेळ घेतला. मान राखायचा तर वेळ घ्यावाच लागतो. मग ते खाली उतरले, नारळ घेतला, कपाळाला लावला.

"बोलावलात, आता येल," ते म्हणाले.

पलीकडच्या काठावर असा काही ताशा कडाडला की कलमांतली पाखरं उठली. नवलाईच्या पोरांनी पालखी खांद्यावरून वर उचलली आणि ती पऱ्यात उतरली. इकडून सोमजाई उतरली. मधल्या दगडापाशी दोन्ही पालख्या समोरासमोर आल्या, वाकल्या, एकमेकींना टेकल्या. म्हातारी माणसं सांगत होती, बहिणी बहिणी आहेत, पण भेट बघितलेलं कुणी उरलं नव्हतं. कोंडवशीच्या बायका रडत होत्या, तेरवड्याच्याही. मी रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिथून आमच्या अंगणापर्यंत दोन्ही पालख्या नाचत आल्या. अण्णांनी टोपी खिशात कोंबली आणि नवलाईच्या दांड्याला खांदा दिला. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडणारा तो माणूस ढोलाचा एकही ठोका न साधता नाचत होता. पोरं ओरडून सांगत होती, "अण्णा, डावा, डावा." अण्णांना उजवाच आवडत होता.

मी गर्दीत तात्यांना गाठलं. "तात्या, एवढंच होतं तर बैठकीतच सांगायचं होतंत. कोंडवशीकडून बोलावणं आणा म्हणून. आम्ही दुसऱ्या दिवशी आणलं असतं."

तात्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी नकाशा काढला तेव्हा टाकली होती.

"बाय माजे, तू भैनीकडं जातेस तर आदी तिला सांगतेस, मला जेवाय बोलाव?"

"नाही."

"मंग नवलाईनं तरी कसं सांगायचं? बोलावनं मागायचं नसतं. ते येयाला लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि तुजी आई तिकडं नारळ ठेवीपातुर ते तरी कुनाच्या मानसासाटी बोलावनार?"

मी गप्प बसले. असा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो.

पालख्या अंगणात शेजारी शेजारी बसवल्या. आईने सोमजाईची ओटी भरली, मग नवलाईची. रस्त्यावर नेण्यासाठी बांधून ठेवलेलं ताट तिने आपल्याच तुळशीपुढे सोडलं. तांदूळ सांडत होते. पार्वतीकाकी मागून तिचा पदर सावरत होत्या.

तात्यांनी नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं. दोन्ही गावं हात जोडून उभी राहिली.

"हे आई नवलाई, आई सोमजाई..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आज शिमग्याच्या सणाला भैनीभैनी येकाच दारात आल्यात..."

"व्हय म्हाराजा."

"हे तुजं लेकरू, तेरवड्याची..."

तात्या थांबले. इतक्या वर्षांचं ते वाक्य तोंडात बसलेलं होतं. ते आईकडे बघायला लागले. म्हादूकाका जमिनीकडे बघत होते. त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि त्यासाठी मी त्यांना अजून मानते. सगळं अंगण आईच्या तोंडाकडे बघत होतं.

आईने नवलाईकडे पाहिलं. चांगलं निवांत पाहिलं, माहेरी जाऊन आलेली मुलगी निघताना आईकडे बघते तसं. मग म्हणाली, "कोंडवशीची म्हना, तात्या. कोंडवशीची सुमती बारगुडे."

"कोंडवशीची सुमती बारगुडे, हिच्या घरादाराला, लेकराबाळांना सुखी ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

दोन गावांचा तो एक आवाज होता. पत्ता बदलल्याची पोच इतकी खणखणीत मला कुठल्याही कचेरीने दिली नव्हती.

ऊन उतरल्यावर नवलाई परत निघाली. आई पऱ्यापर्यंत पोचवायला गेली, आम्हीही गेलो. काठावर तात्या हात जोडून म्हणाले, "येतंव वयनी. फुडल्या साली बगू आता, बोलावनं आलं तर."

"येल तर," आई म्हणाली. "मी सोता नारळ घेऊन येन, आमच्या गावातर्फे."

म्हादूकाका शेजारीच उभे होते. त्यांना एकदा विचारून घ्यावं हे आईच्या ध्यानातही आलं नाही.